कड्यावरची चीजवाली

ऐका पोरांनो, सरका शेकोटीजवळ. आमचे चुलते शिदूअण्णा पिसाळ मोठ्या लढाईत इटलीत होते. शत्रूच्या कैदेतून पळाले अन् आल्प्सच्या एका खोऱ्यात लपले. बत्तिस्ता नावाच्या म्हाताऱ्या गवळ्यानं त्यांना आपल्या कुरणावरच्या झोपडीत ठेवून घेतलं.

काय ते खोरं! अण्णा सांगायचे, चांदण्यात डोंगर खरवसाच्या वडीगत दिसायचे. खाली गावात दगडी घरं, छपरंसुद्धा दगडाची, खापरपणज्यांनी रचलेली. उन्हाळ्यात माणसं गाया घेऊन वर यायची अन् तांब्याच्या हंड्यात चीज करायची. चीज म्हंजे काय? दूध तापवून फाडायचं, चोथा दाबायचा, वरून मीठ चोळायचं. गाडीच्या चाकाएवढा गोळा होतो! मुरला की त्याला कुरणातल्या फुलांचा वास येतो बघा.

पण लढाईत मीठ मिळंना. मीठ नाही तर चीज नासणार, अन् हिवाळाभर सगळं गाव त्याच्यावरच जगायचं. मग अण्णा खाली उतरले. घराघरातून मूठमूठ मीठ गोळा केलं. दिवसा जर्मन शिपाई फिरायचे, म्हणून अंधारात परत निघाले. तर नेहमीच्या वाटेवर शिपायांच्या बत्त्या! अण्णा कड्याकडच्या आडवाटेला वळले.

तिथंच घोटाळा झाला.

आधी गाईची घंटा वाजली. टण... टण... अण्णांना वाटलं, कुरण आलं. चालले. घंटा आणखी लांब! मग कंदील दिसला. अण्णा चालतायत, कंदीलही चालतोय! अन् एकदम समोर झोपडी. आत जाळ पेटलेला, एक बाई हंडा ढवळतेय. म्हणते कशी, "ये शिदू, दमलास रे. आण ते मीठ." अहो, मराठीत! त्यांच्या आईच्या आवाजात!

अण्णांनी पाऊल उचललं, अन् थबकले. जाळाला धग नाही. दुधाला वास नाही! बत्तिस्ताच्या हंड्याशी राबलेला माणूस, तो वास अंगात भिनलेला.

"माझी आई कोरेगावात आहे," अण्णा ओरडले. "तू कोण गं?"

जाळ विझला. झोपडी गेली. पायाखाली दरी! अण्णा घसरले, झुडपाला लोंबकळले. एका हातात झुडूप, दुसऱ्यात मिठाची पिशवी. वरून आवाज, "मीठ टाक, हात देते."

गावानं पोटाला चिमटा काढून दिलेलं मीठ ते. टाकतील? पिशवी दातात धरली, अन् दोन्ही हातांनी वर चढले!

पहाटे बत्तिस्ताची झोपडी गाठली, घडलं ते सगळं सांगितलं. बत्तिस्तानं त्यांना पोटाशी धरलं. म्हणाला, "बर्फाखाली गाडली गेलेली चीजवाली ती. आमच्या आज्यांना तिनंच चीज शिकवलं. तिचं शेवटचं चीज मिठावाचून नासलं, म्हणून मीठ मागत फिरते." मग म्हाताऱ्यानं टोपी काढली, पिशवीतलं चिमूटभर मीठ कड्याच्या दिशेनं उधळलं, अन् उरलेलं चिजाला चोळायला बसला.

तेव्हा पोरांनो, उद्या कुणी त्या मुलखात गेलात, तर चीज पोटभर खा, डोंगर डोळे भरून बघा. पण ती कड्याची वाट धरायची नाही. आईनं हाक मारली, तरी नाही!