गुरुवारचा मुक्काम

नाव: आल्बन पेटिफर. वय: ६७ वर्षे. धंदा: निवृत्त, पूर्वी बस कंपनीत वेळापत्रक कारकून. राहणार: १४, टॅनर्स रो, मार्केट हॅडन, स्टॅफर्डशायर. सध्याचा मुक्काम: 'डॅबचिक' नावाची भाड्याची कालवाबोट, कॉब्ली येथे, कालव्यात आडवी.

मी आज शुक्रवारी सकाळी सव्वाआठ वाजता पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, सार्जंट बिडल यांनी विचारल्यावरून सांगतो की, मी वर नमूद पत्त्यावर एकटाच राहतो. माझ्यावर यापूर्वी कसलाही गुन्हा नाही. ग्रंथालयाचे पुस्तकसुद्धा मी कधी उशिरा परत केलेले नाही.

सार्जंटनी मला फक्त सायकलीचे सांगा असे सांगितले. त्यावर मी सांगतो की सायकलीचे सांगायचे तर जानेवारीपासून सांगावे लागते. ज्याचे खरोखर नुकसान झाले तो मी आहे आणि जबाब माझाच घेतला जात आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. ज्यांच्या गाडीची साडेदहाची वेळ आहे त्यांच्याबद्दलही पुढे येईल, म्हणून लिहिणे जरा उरकावे अशी विनंती आहे.

मी, माझी थोरली बहीण म्यूरिअल आणि तिचे यजमान डेस्मंड क्रॅब असे तिघे दर वर्षी जून महिन्यात एक आठवडा कालव्यावर बोट भाड्याने घेतो. आठवड्याची आखणी मी करतो. ती जानेवारीत सुरू होते. कालव्याचे मैल अधिक लॉकची, म्हणजे बोट वरच्या-खालच्या पातळीवर नेणाऱ्या दरवाजांच्या हौदांची, संख्या भागिले तीन, म्हणजे लागणारे तास, हा हिशेब आहे. त्यात डेस्मंडच्या चहाचे तास वेगळे धरावे लागतात. संध्याकाळचा मुक्काम कोणत्या पबपाशी करायचा हे मी चौदा वर्षांच्या टिपणांवरून ठरवतो. बोट पबपासून दोनशे पावलांच्या आत बांधता आली पाहिजे, कारण परत येताना पावले वाढतात. शनिवारी 'टिन विसल', तिथे बिअर चांगली पण खुर्च्या वाईट. सोमवारी 'मेंडर्स आर्म्स', तिथे कुत्रे फार, पण मटार ताजे. गुरुवारी 'हेरन'. गुरुवार चौदा वर्षांत एकदाही बदललेला नाही.

गुरुवारी हेरनच का, असे विचारल्यावरून सांगतो की तिथे गुरुवारी सॉसेज, कुस्करलेला बटाटा आणि कांद्याचा रस्सा असतो.

हेरन हा पब मिसेस ग्वेंडा लाइटफूट या चालवतात. वय मी विचारलेले नाही. नऊ वर्षांपूर्वी त्यांचे यजमान वारले. एप्रिलमध्ये त्यांचे पत्र आले की बिअर कंपनी पब विकून टाकत आहे, त्या न्यूझीलंडला मुलीकडे कायमच्या जाणार आहेत आणि पब अठरा जूनच्या गुरुवारी शेवटचा उघडा राहील. तारीख वाचून मी त्याच दिवशी सगळी आखणी पुन्हा केली. सत्तावन्न फुटी बोट ठरवली. गुरुवारी दुपारी चार वाजता, गर्दी व्हायच्या आत हेरनला पोचायचे आणि त्यांच्याशी एक गोष्ट बोलायची, असा बेत होता. ती गोष्ट सायकलीशी संबंधित नाही.

शनिवारी बोट ताब्यात घ्यायला गेलो तेव्हा ती अडुसष्ट फूट लांब निघाली. चौकशी करता कळले की डेस्मंडने मे महिन्यात बोटवाल्यांना फोन करून, मला न सांगता, मोठी बोट घेतली होती. त्याच भाड्यात दोन संडास मिळत होते. मला चकित करावे म्हणून त्याने सांगितले नाही. मी चकित झालो.

अकरा फुटांनी काय बिघडते असे सार्जंट विचारतात. कालव्याची रुंदी कुठेही बोटीच्या लांबीइतकी नसते. ठरावीक जागी काठाला खाच कोरलेली असते, तिथेच बोट वळते. आम्ही सोमवार ते बुधवार डावीकडच्या शाखेत होतो. त्या शाखेतून बाहेर पडताना बोटीचे तोंड हेरनच्या उलट दिशेला असते, म्हणून ती कॉब्लीच्या खाचेत वळवायची आणि तीन तासांत हेरन गाठायचे, अशी माझी आखणी होती. कॉब्लीच्या खाचेत साठ फुटांपर्यंतचीच बोट वळते. पुढची मोठी खाच दोन तास लांब. म्हणजे जाऊन येऊन चार तास वाढले. मी शनिवारी जेवलो नाही आणि नवीन आखणी केली. त्यात गुरुवारी पहाटे पाचला निघून रात्री आठला हेरन येत होते. गर्दीत का होईना, पण येत होते.

रविवारी सकाळी जाताना बोट हेरनवरून गेली. मिसेस लाइटफूट दारातल्या कुंड्यांना पाणी घालत होत्या. मी म्हणालो, "गुरुवारी येतो." त्या म्हणाल्या, "या. शुक्रवारी साडेदहाला माझी गाडी आहे." बोट पुढे गेली. त्यावर म्यूरिअल मला म्हणाली, "अरे, तिथंच उतरून बोलून टाकायचंस ना! पब काय पळून चाललाय? बाई चाललीय." मी तिला आखणी दाखवली. रविवारच्या रकान्यात हेरन नव्हते. आता मला विचाराल तर तो रकाना मीच आखला होता आणि मीच खोडू शकत होतो. पण त्या वेळी सुचले नाही, आणि त्याबद्दल माझा स्वतःवरही राग आहे. तोही लिहून घ्यावा.

गुरुवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी आम्ही कॉब्लीच्या अलीकडचे लॉक पार केले. बोट बाहेर पडल्यावर मागे राहून दरवाजे लावायचे, झडपा पाडायच्या आणि मगच चालत बोट गाठायची, हा कालव्यावरचा रिवाज आहे. आजकाल लोक दरवाजे उघडे टाकून जातात. मी जात नाही. सगळे नीट लावून, डाव्या गुडघ्यामुळे हळूहळू, अर्धा मैल चालत मी कॉब्लीला आलो तर बोट कालव्यात आडवी. नाक खाचेतल्या चिखलात रुतलेले, शेपूट समोरच्या काठाच्या दगडांत अडकलेले. डेस्मंड सुकाणूपाशी हातात चहाचा कप घेऊन उभा होता.

मी त्याला काय म्हणालो ते सार्जंटनी लिहून घेऊ नये असे मीच सुचवतो. डेस्मंड म्हणाला, "अरे, तुझ्यासाठीच केलं मी. चार तास वाचले असते तुझे. नुसता जाऊन सॉसेज खाणार होतास का तू? सगळ्या कालव्याला माहीत आहे तू तिथं कशाला जातोस ते." त्याला वाईट वाटत होते हे दिसत होते. त्यामुळे माझा राग आणखी वाढला, कारण धड भांडताही येईना.

त्यानंतर साडेसहापर्यंत आम्ही बांबूने ढकलून, दोर लावून, दोन्ही बाजूंना अडकलेल्या पाच बोटींच्या लोकांची मदत घेऊन प्रयत्न केले. बोट हलली नाही. कालव्याच्या कचेरीतून निरोप आला की ओढायला माणूस सकाळी येईल. हेरन तिथून पाच मैल. त्या रस्त्याने बस फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी जाते. ते वेळापत्रक मीच एकोणतीस वर्षांपूर्वी लिहिले होते. गुरुवार मीच काढला होता, प्रवासी कमी म्हणून.

तिथे काठावर हिरव्या छत्रीखाली एक गृहस्थ गळ टाकून बसले होते. त्यांचे नाव रॉयस्टन टगवेल हे मला काल रात्री कळले. त्यांची सायकल मागे कुंपणाला टेकवलेली होती. आमची बोट सहा तास त्यांच्या गळासमोर आडवी असल्याने ते नाराज होते. मासे धरणारे आणि बोटवाले यांचे कधी पटत नाही, त्यात नवीन काही नाही. मी त्यांच्याजवळ जाऊन, टोपी काढून म्हणालो की मला अत्यंत निकडीने हेरनला जायचे आहे, आपली सायकल सकाळी आठपर्यंत मिळेल का. ते पाण्याकडे बघत राहिले. मी दोनदा विचारले. नाही असे ते म्हणाले नाहीत. ज्याला नाही म्हणायचे असते तो म्हणतो, असा माझा अनुभव आहे.

मी आखणीच्या वहीचे एक पान फाडले. त्यावर माझे नाव, पत्ता, फोन, सायकल कुठे नेत आहे, किती वाजता परत आणीन हे सर्व लिहून ते पान त्यांच्या अळ्यांच्या डब्याखाली ठेवले. सदर पान सार्जंटच्या टेबलावर पुरावा म्हणून आहे. पत्ता लिहून जाणारा चोर त्यांनी यापूर्वी पाहिला आहे का, असे मी त्यांना विचारले.

हेरनला मी सात वाजून पन्नास मिनिटांनी पोचलो. विजार गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली होती. आत पाय ठेवायला जागा नव्हती. शेवटचा दिवस म्हणून चार गावांतली माणसे आली होती, पैकी निम्म्यांना मी चौदा वर्षांत तिथे कधी पाहिले नव्हते. त्यांचाही मला राग आला. मिसेस लाइटफूट बिअर ओतत होत्या. त्यांनी मला पाहिले आणि विचारले, "बोट कुठाय?" मी म्हणालो, "आडवी." त्यांनी न विचारताच माझा पेला भरून पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "बसा. मी येते."

त्या नऊ वाजता आल्या. अंगावरचा एप्रन काढून, माझ्या समोरच्या बाकावर बसल्या. हातात काही नव्हते. चौदा वर्षांत त्या माझ्यासमोर कधी बसल्या नव्हत्या, नेहमी उभ्या असायच्या. त्या म्हणाल्या, "बोला, आल्बन."

मी म्हणालो, "सॉसेज संपले का?"

त्या म्हणाल्या की दोन शिल्लक आहेत. मी पुढचे वाक्य जुळवत होतो. ते जुळतही आले होते. तेवढ्यात दारातून हवालदार आत आले आणि मोठ्याने विचारू लागले की बाहेरची सायकल कोणाची.

त्यानंतर जे झाले ते हवालदारांच्या नोंदीत आहे. साठ माणसांच्या देखत मला उठवून नेण्यात आले. हवालदार नेमके त्याच क्षणी हेरनला कसे आले, याची मी चौकशी केली. टगवेल यांनी तक्रार केल्यावर हवालदारांनी आधी बोटीवर जाऊन म्यूरिअलला विचारले होते. तिने सांगितले, "हेरनला गेलाय, बाईला मागणी घालायला. जरा उशिरा जा हो, त्याला वेळ लागतो." हवालदार म्हणतात की ते मुद्दाम एक तास उशिरा आले. एक तास पुरत नाही हे माझ्या बहिणीला माहीत असायला हवे होते.

हवालदारांनी मला रात्री बोटीवर सोडले व सकाळी ठाण्यात हजर राहण्यास सांगितले. मी शुक्रवारच्या बसने आलो. बस वेळेवर होती.

सायकलीचे काहीही नुकसान झालेले नाही. मी चोरीच्या उद्देशाने ती नेली नाही. टगवेल यांचा सहा तासांचा वेळ आणि मासे गेले त्याबद्दल मी दिलगीर आहे, पण ते डेस्मंडला सांगावे. माझे चार तास, एक संध्याकाळ आणि एक वाक्य गेले, त्याची तक्रार कोणत्या ठाण्यात करायची, हे मला कोणीतरी सांगावे.

नऊ वाजून वीस मिनिटांनी सार्जंटना बाहेर बोलावण्यात आले. परत येऊन त्यांनी सांगितले की मिसेस लाइटफूट स्वतःहून साक्ष द्यायला आल्या आहेत की सायकल मी उघडपणे, दाराच्या दिव्याखाली लावली होती. बाहेर त्यांची स्टेशनला जायची टॅक्सी सामानासह उभी आहे. साक्षीदार संशयिताच्या जवळचा असल्यास तशी नोंद करावी लागते, म्हणून सार्जंटनी त्यांना विचारले की पेटिफर यांच्याशी तुमचे काय नाते. त्यावर त्या म्हणाल्या, "त्यांनाच विचारा. चौदा वर्षं तोंडी काही आलं नाही, मला एकदा लेखी बघू दे."

सबब सार्जंटनी तोच प्रश्न मला विचारला. त्यावरून मी कोणाच्याही दबावाखाली न येता, पूर्ण शुद्धीत सांगतो की, मिसेस ग्वेंडा लाइटफूट यांच्यावर माझे प्रेम आहे. केव्हापासून, असे विचारल्यावरून सांगतो की आठ वर्षांपासून. त्याआधीची सहा वर्षे मी जेवणासाठीच जात होतो. त्यांनी मुलीकडे जाऊ नये असे माझे म्हणणे नाही. त्यांनी जावे. फक्त एकट्याने जाऊ नये, किंवा गेल्यास परत यावे. यातले काय ते त्यांनी ठरवावे. पुढच्या आठवड्याची मी काहीही आखणी केलेली नाही.

वरील मजकूर सार्जंट बिडल यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. वाचताना खोलीचे दार उघडे ठेवावे अशी मी विनंती केली, ती त्यांनी मान्य केली. तो मी सांगितल्याप्रमाणे आहे आणि त्यात एक अक्षरही बदलायचे नाही. शेवटचा परिच्छेद बाहेरून सांगण्यात आल्यावरून दुसऱ्यांदा वाचण्यात आला. त्यावर बाहेरून जे उत्तर आले ते माझ्या जबाबाचा भाग नसल्याने लिहून घेतलेले नाही. सही मी उभ्यानेच केली आहे.

आल्बन पेटिफर
वेळ: सकाळी नऊ वाजून बावन्न मिनिटे