तीनशे दोनची घंटा

माझं गाव हेदवी, म्हणजे देवळाच्या वरच्या अंगाला आमची वाडी, सगळी मिळून अकरा घरं, आणि आमच्याकडे बेल नावाची वस्तूच नाय, कोणाकडे जायचं असलं की पाखाडीच्या पायऱ्यांवरनंच हाक मारायची, आहेस का गो घरात, आतनं ओ आली तर जायचं, नाय आली तर दोनदा मारायची, तिसऱ्यांदा नाय आली तर मात्र सरळ आत शिरायचं कारण मग कायतरी झालेलं असतं. हे मला कोणी शिकवलं नाय, सगळ्यांनाच माहीत असतं ते.

बाबा माझे मुंबईत एका बिल्डिंगला वॉचमन, मे महिन्यात आई मला घेऊन जायची, तेव्हा त्यांच्या केबिनमध्ये पहिल्यांदा इंटरकॉम बघितला मी, सहा-सात वर्षांची असेन. बाबांनी कानाला लावून दिला, वरनं कोणीतरी बोललं दूधवाल्याला सोडा, आणि मी एवढी खूश झाले ना, मला वाटलं भिंत बोलली. तिथनं ते डोक्यात बसलं. बारावीनंतर आयटीआय केलं, वर्गात मुली आम्ही तीन, आई बोलायची, पोरीच्या जातीने शिडीवर काय चढायचा, लोक काय बोलतील गो, आणि आता तीच वाडीत सगळ्यांना सांगते माझी दीपा रत्नागिरीत बिल्डिंगा बोलत्या करते.

मी काम करते सुभाषशेठकडे. इंटरकॉम, कॅमेरे, खालच्या दरवाजाचं विजेचं कुलूप. म्हणजे कसं बघा, खाली गेटवर पाहुण्याने फ्लॅटचा नंबर दाबला की वर घंटा वाजते, वरच्याने विचारलं कोण आणि बटण दाबलं की खालचा दरवाजा उघडतो, आणि वरच्याला काय हवं असलं तर वॉचमनच्या केबिनमध्ये वाजतं, तिथे छोट्या पडद्यावर फ्लॅटचा नंबर दिसतो. सोपं आहे. प्रत्येक फ्लॅटला दोन तारांची एक जोडी, ती डक्टमधनं खाली केबिनपर्यंत. एक फ्लॅट एक जोडी. लिहून घ्या हे, कारण पुढचं सगळं ह्याच्यावरच आहे.

रत्नागिरीत मांडवीला एक बिल्डिंग आहे, नाव नाय सांगत. समोर समुद्र, त्यामुळे तांब्याची तार सहा महिन्यांत हिरवी होते, स्क्रू गंजून बोटात येतो. बी विंगमध्ये फ्लॅट अकरा आणि राहती घरं चारच, बाकी सगळी कुलपं. कोण मुंबईत, कोण दुबईला, कोण कुवेतला, गणपतीला चार दिवस उघडायचं, मेमध्ये आंबे खायला यायचं, की परत कुलूप. संध्याकाळी समोरून बघितलं की अकरातल्या चारच खिडक्या पेटलेल्या. मला ती बिल्डिंग पहिल्यापासून नाय आवडायची, खरं सांगते, जिन्यात बोललं की आपलाच आवाज वरनं खाली यायचा.

तर तिथे काम माझ्याकडे आलं. एकटीने केलं मी ते, आणि मला काय तो गर्व. आणि तिथेच माती खाल्ली. दुकानात दहा जोड्यांची केबल होती, फ्लॅट अकरा. मोठी केबल कोल्हापूरवरनं येणार, चार दिवस लागतील बोलले शेठ, आणि सोसायटीचे अध्यक्ष इकडे रोज माझ्या डोक्यावर उभे, गणपतीच्या आधी चालू पाहिजे हा, लोक मुंबईहून येणार, दाखवायचंय. मग मी काय केलं, तीनशे दोन आणि त्याच्या बरोबर वरचा चारशे दोन, दोन्ही बंद फ्लॅट, दोघांना मिळून एकच जोडी दिली. आमच्याकडे त्याला लूप मारणं बोलतात. सगळे मारतात वो! बंद फ्लॅटला कोण कशाला फोन करतोय. दोघांपैकी कुठूनही उचललं तरी खाली पडद्यावर तीनशे दोनच दिसणार. मी स्वतःला सांगितलं, मोठी केबल आली की बदलू. केबल आली, दुसऱ्या बिल्डिंगला गेली.

आणि वर्षाभराने चारशे दोन उघडला.

तो फ्लॅट अश्रफभाईंचा, ते कुवेतला असतात. गावाकडे त्यांची आई एकटी, जुबेदाखाला, गुडघे गेलेले, मग त्यांनी तिला इकडे आणून ठेवलं, स्वयंपाकाला एक बाई येऊन जायची सकाळी, बाकी दिवसभर खाला एकटी, त्या मजल्यावर बाकी सगळी कुलपं. अश्रफभाईंनी मला बोलावलं, बोलले दीपा, अम्मीला नंबर-बिंबर दाबता येणार नाय, असं कर की नुसता रिसीव्हर उचलला की खाली वाजलं पाहिजे. होतं तसं, सेटिंग असतं. मी करून दिलं. खालाला शिकवलं, खाला, काय झालं तर फक्त उचलायचं, बस. ती हसली, बोलली, अगो बाय, मला काय होतंय, वाईच चाय घे नि जा. तिची सवय गॅलरीत उभं राहून वॉचमनला हाक मारायची, ए रामा, म्हावरेवाली आली काय रे, आणि दोरीला पिशवी बांधून खाली सोडायची. इंटरकॉमला तिने हात पण लावला नाय कधी. तो फक्त त्या एका दिवसासाठी होता, आणि सगळ्यांनी मनात धरलेलं की तो दिवस येणार नाय.

लूप मला आठवत होता हं. विसरले असते तर बरं होतं, निदान तसं सांगता आलं असतं. रामाकाका म्हणून सावर्ड्याचे जुने वॉचमन होते, त्यांना मी बाजूला घेऊन सांगितलं, काका, पडद्यावर तीनशे दोन आला तर ती चारशे दोनची खाला समजायची, पंधरा दिवसांत मी नवीन जोडी ओढते. काका बोलले, असा कसा गो, नंबर एकाचा नि माणूस दुसरा? मी बोलले असतं तसं, तात्पुरतं. त्यांनी मान हलवली. केबिनच्या भिंतीवर नंबरांचा कागद चिकटवलेला, त्याच्यावर मी एक ओळ लिहिली असती ना, एकच ओळ. पण अध्यक्षांनी वाचली असती, विचारलं असतं हे काय, आणि माझी चूक भिंतीवर लागली असती. म्हणून नाय लिहिली. लाज वाटली म्हणून. बाकी काय कारण नाय.

पंधरा दिवसांचे पाच महिने झाले, मग पावसाळा लागला, डक्टमध्ये पाणी, रामाकाकांची कंबर धरली, ते गावी गेले आणि परत आलेच नाय. त्यांच्या जागी दिनेश आला, चांगला मुलगा, पण त्याला कोण सांगणार? कागदावर लिहिलेलं, तीनशे दोन, बंद.

श्रावणातली गोष्ट. तीन दिवस नुसती झड, मी गावातच नाचणे भागात एका साइटवर, दुपारी साडेबारा-पाऊण, डबा उघडत होते आणि दिनेशचा फोन. मॅडम, एक विचित्र होतंय, तीनशे दोनमधनं घंटा येतेय. बारा वाजून दहा मिनिटांपासून तीनदा आली. उचलला की कोण बोलत नाय, नुसतं घरघर होतंय. वर जाऊन बघितलं, बाहेरनं कुलूप, कुलपाला कोळ्याचं जाळं. अध्यक्ष बोलतायत त्या घरातले म्हातारे गेल्या वर्षी मुंबईत वारले, आता गणपती जवळ आले म्हणून तेच घर उघडायला सांगतायत. खाली बायकांनी नारळ आणलाय. मॅडम, मी एकटा असतो हो इथे.

आणि मी हसले. मोठ्याने हसले वो! बोलले, दिनेश, भूत-बित नाय, पाणी गेलंय. तार ओली झाली की मशीनला वाटतं कोणीतरी फोन उचललाय. आणि हे खोटं नाय, असं होतं, शंभरदा बघितलंय मी. मी त्याला फोनवर सांगत गेले, केबिनमधला तारांचा डबा उघड, खालनं तिसरी पट्टी, तीनशे दोन लिहिलंय तिथे, ती निळी नि पांढरी तार, ओढ. तो बोलला, शॉक नाय ना बसणार? मी बोलले, ओढ रे, घाबरट. त्याने ओढली. बोलला, शांत झालं मॅडम, थँक्यू, आता नारळ काय करू? मी बोलले, खोबरं करून खा.

मग मी जेवायला बसले. भाकरी नि सुकटीची चटणी होती, अजून चव आठवते, आणि तेव्हापासून सुकट खाल्लेली नाय. डायरीत लिहायला घेतलं, मांडवी, तीनशे दोन, ओली तार, काढली, आणि पेन तिथेच थांबलं. ओली तार एकदा उचलल्यासारखी झाली की तशीच राहते. ती परत खाली ठेवत नाय. तीनदा वाजायला तीनदा कोणीतरी ठेवायला पाहिजे, तीनदा उचलायला पाहिजे. पाण्याला हात नसतात. आणि मग ते दोन नंबर एकावर एक आले डोक्यात, माझ्याच हाताने जोडलेले.

काय सांगू तुम्हाला, मी डबा तसाच टाकला. दिनेशला फोन लावला, वाजतोय, उचलत नाय. परत लावला. स्कूटर काढली, मारुती मंदिराला ट्रॅफिक, रस्त्यावर घोट्याएवढं पाणी, रेनकोट घालायचं पण सुचलं नाय, आणि डोक्यात एकच, मी तिच्या कानातला आवाज बंद केला. ती तिकडे धरून बसली असेल, खालनं दिनेश हॅलो हॅलो करत होता ते तरी ऐकू येत होतं तिला, तेही मी काढून घेतलं, हसत हसत.

पोचले तर केबिन उघडी, दिनेश नाय. मागे पाणी साचलेलं, पंप लावायला गेलेला, मोबाइल चार्जिंगला, त्याच्यावर माझेच कॉल. मी तारांचा डबा उघडला, ओल्या बोटांतनं तार सटकत होती, पट्टीत बसेना, शेवटी बसली, आणि बसल्या क्षणी वाजलं. तीनशे दोन. मी उचलला. बोलले, खाला. फरशीवर बांगडी घासते तसा आवाज आला, एकदा, मग थोड्या वेळाने परत एकदा.

दिनेशला हाका मारत वर पळाले, तो पहार घेऊन आला. दरवाजा तोडायला किती वेळ लागला मला माहीत नाय. खाला पॅसेजमध्ये पडलेली, उजवी बाजू सगळी गेलेली, तोंड वाकडं, फोन दोरीला धरून खाली ओढलेला आणि डावा हात त्याच्यावर. आमच्याकडे बघत होती. शुद्धीत होती हो ती! सगळा वेळ शुद्धीत होती. हॉस्पिटलात नेलं, तिकडच्या डॉक्टरांनी पहिलं विचारलं, कधी झालं? मी बोलले बारा दहा. त्यांनी घड्याळ बघितलं. दोन वाजून गेलेले. 

जीव वाचला. बोलणं गेलं, उजवा हात-पाय गेला.

अश्रफभाई तिसऱ्या दिवशी आले, आणि सगळ्यांसमोर माझ्यापुढे हात जोडले. दीपा, तू होतीस म्हणून माझी अम्मी आहे. अध्यक्षांनी सोसायटीच्या ग्रुपवर माझा फोटो टाकला, एवढी फुलं, एवढे हात जोडलेले. शेठ बोलले, बघ, दुकानाचं नाव काढलंस. दिनेशला तर माहीतच नव्हतं की त्याने काय ओढलं, मी त्याला सांगितलेलं म्हणून त्याने ओढलं. घरी आई विचारायची जेवत का नाय, नजर लागली काय गो तुला, आणि तांदूळ ओवाळायला बसायची. एक महिना असा गेला. झोपेत पण माझ्या बोटांत ती तार असायची.

मग एक दिवस कुवेतला अश्रफभाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं, केबलपासून नारळापर्यंत, न थांबता, थांबले असते तर राहिलं असतं. मग त्यांनी एवढंच विचारलं, तू काढायला सांगितलीस आणि परत लावलीस, त्याच्यात किती वेळ? मी बोलले, पाऊण तास. मग बोलले, अम्मीला सांगितलंस? मी बोलले नाय. बोलले, मग मला कशाला सांगतेस, पडली होती ती, मी नाय. तिला जाऊन सांग. आणि ठेवला.

गेले. तिला सांभाळणारी बाई मला आत घेऊन बाहेर गेली, मी खालाच्या पलंगाजवळ खाली बसले आणि सांगितलं. तिचे डोळे सगळा वेळ माझ्यावर. सगळं समजतं तिला, डॉक्टर बोलले तसं, फक्त बाहेर येत नाय. माझं सांगून झालं आणि तिने हळूहळू, खूप वेळ लागला तिला, तोंड भिंतीकडे केलं. मी बसले, वाटलं वळेल. नाय वळली.

आता नवीन जोडी ओढली मी त्या फ्लॅटला, स्वतःच्या हाताने, भिंतीवरचा कागद पण नवीन. आणि रोज काम झालं की एक-एक जुनी बिल्डिंग उघडते, कुठे कुठे लूप मारलेत ते बघायला, कारण सगळे मला आठवत नाय. हे सगळ्यात वाईट आहे. परवा साळवी स्टॉपकडे एक सापडला, खाली कोण, वर कोण, मला काय पण आठवेना, दोन्ही दरवाजे वाजवले, कोणी उघडलं नाय. शेजारच्यांनी सांगितलं असतात ते मुंबईला. असतील. पण मी त्या जिन्यात उभी होते बराच वेळ.

शेठ बोलतात, एवढं मनाला लावून घेऊ नको, सगळेच करतात. सगळेच करतात, म्हणून तर भीती वाटते वो.

आणि दर शुक्रवारी खालाकडे जाते. बाई दरवाजा उघडते, मी बसते, खाला भिंतीकडे तोंड करते, अर्धा तास बसून मी येते. बाई बोलते, कशाला येतेस, तिला नको वाटतं. मी बोलते, तिला नको वाटतं ते बरोबरच आहे. स्पीचवाल्या मॅडम येतात तिच्याकडे आठवड्यातनं दोनदा, आ बोला, मा बोला, करून घेतात, खाला करत नाय, रागाने बघते. मी आमच्या देवाला पण सांगते आणि तिच्या देवाला पण सांगते, दोघांना सारखंच सांगते, की तिची जीभ वळूदे. पहिला शब्द माझ्यासाठी शिवी निघाली तरी चालेल. रोज घालूदे मला शिव्या, गॅलरीत उभं राहून घालूदे, सगळ्या मांडवीला ऐकू जाऊदे. मी खाली उभी राहून ऐकेन.