एक मागच्या बाबाचं

आमच्या बापाला माया करता येते, हे मला परवा एसटीत कळलं. थोरला नामदेव फार बोलत नाही, रोजचा क्रम मोडला की कान झाकून बसतो. त्यानं ढाणकीहून उमरखेडला एकट्यानं जायला शिकावं म्हणून बाबा महिनाभर तोंडाला दुपट्टा गुंडाळून त्याच्या मागं लपून बसत होते. परवा नामदेव कंडक्टरला म्हणाला, "दोन द्या. एक मागच्या बाबाचं."

गाडी हसली. मी जळलो.

घरी बाबांची फुशारकी, "पोट्टं सोताच तिकीट काढते आता!"

मी म्हटलं, "शाळा सोडून मी दोन दिवस घरी आलो नोतो, तवा माह्या मागं कोण होतं?"

"तू कायले हरवशीन?"

"हे तुमाले कोनं सांगतलं?"