मर्ल प्रॉसर यांची विंच आणि माझा तुटलेला दात

मी, जनीन प्रॉसर, वय ३६ वर्षे, धंदा शाळेच्या बसवर ड्रायव्हर, राहणार डर्बी, पश्चिम ऑस्ट्रेलिया, आज ठाण्यात सार्जंट व्हिकरी यांच्यासमोर बसून, विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी, माझे पती क्लिंटन आणि सासू मर्ल प्रॉसर, वय ६९, असे तिघे राहतो. दवाखान्यात माझा सुजलेला ओठ आणि तुटलेला दात पाहून नर्सनं विचारलं, कोणी मारलं? मी तोंड उघडायच्या आत मर्लच म्हणाल्या, "मी मारलं." त्यावरून नर्सनं ठाण्याला कळवलं, म्हणून मी इथं आहे. क्लिंटन ऑपरेशनच्या टेबलावर आहे. त्याचा पाय राहतो की जातो हे अजून कोणी सांगत नाही. दवाखान्याला इथलाच नंबर दिला आहे, त्यामुळे माझं अर्धं लक्ष तुमच्या फोनकडे आहे. सांगण्यात मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या.

आज सकाळी ओहोटीला आम्ही पेलिकन खाडीवर चिंबोऱ्या धरायला गेलो. क्लिंटन आणि मी आमच्या पिकअपमधून, मर्ल मागून त्यांच्या जुन्या जीपमधून. त्या बाजूला एकट्या गाडीनं जायचं नाही हा त्यांचा नियम आहे. चिखलातून गाडी ओढून काढायला दोन्ही गाड्यांना पुढं विंच आहे, म्हणजे मोटरनं फिरणारा ड्रम आणि त्यावर गुंडाळलेला दोर.

क्लिंटनची विंच गेल्या वर्षीची. दुकानात ज्या खोक्यावर सगळ्यात मोठा आकडा छापलेला होता ती त्यानं उचलली. बंपरवर बसवली, लाल हूक झकास दिसतो म्हणून फोटो काढले, आणि त्यानंतर तिचा दोर एकदाही पूर्ण सोडला नाही. मर्ल सांगून थकल्या. "अरे, महिन्यातून एकदा तरी फिरव तिला. मोटरला ओल धरते." तो म्हणायचा, "आई, माझी कोरी आहे. तू तुझ्या चरख्याला तेलपाणी कर."

मर्लची विंच लहान आहे आणि गोगलगायीसारखी ओढते. घेताना त्यांनी दुकानदाराचं डोकं खाल्लं होतं. भरलेल्या गाडीच्या दीडपट वजन ओढेल का, मोटर पाण्यात बुडाली तर पाणी आत जाईल का, असं सगळं. तिचा तारेचा दोर त्यांनी काढला, कारण तार तुटली तर समोरच्याचा जीव घेते. धाग्याचा दोर घातला, आणि दोर ज्यांवरून सरकतो ते तारेनं ओरखडलेले रोलरही बदलले, नाहीतर ते नवा धागा कापतात. खाडीवरून आलं की दोर सगळा सोडायचा, गोड्या पाण्यानं धुवायचा, सावलीत वाळवायचा, मग ताण देऊन गुंडाळायचा. त्याआधी त्या चहाचा घोट घेत नाहीत. माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली, पण मला त्या दोराला हात लावू दिलेला नाही. "तू पीळ घालून ठेवशील," म्हणतात. ही कुरकुरच आहे, पण लिहून घ्या.

आणखी एक सांगायला हवं. ओढताना मोटर तापते. थोडं ओढायचं आणि तिला निवू द्यायचं, नाहीतर ती जळते. त्या वेळात मर्ल गाणं म्हणतात. क्लिंटनला पाळण्यात झोपवताना म्हणायच्या ते गाणं, दोनदा. तेवढ्यात मोटर निवते. खाडीवरचे सगळे त्यांना यावरून हसतात, मीही हसत आले.

दुपारी परत निघताना आमची पिकअप काठाच्या चढावर चिखलात बसली. तोंड वर, मागची बाजू खाडीकडे. भरती लागली होती. आपल्याकडची भरती चालत येत नाही, पळत येते, हे तुम्हाला सांगायला नको. क्लिंटननं त्याच्या विंचचं बटण दाबलं. टक् असा आवाज आला. परत दाबलं, परत टक्. मग तेही नाही.

"लाजते आहे," तो म्हणाला.

"गंजली आहे," मर्ल म्हणाल्या.

मर्लनी जीप वर कडक जमिनीवर लावली, चाकांपुढं दगड ठेवले, इंजिन चालू ठेवलं. दोर पिकअपच्या पुढच्या हुकातल्या कप्पीतून फिरवून परत जीपला अडकवला. त्यानं जोर दुप्पट होतो आणि वेग निम्मा. दोर तुटलाच तर उसळू नये म्हणून वर ओलं पोतं टाकलं. तेवढ्या वेळात क्लिंटन मागच्या चाकाखालचा चिखल उपसायला गेला. "तिकडं जाऊ नकोस," असं मर्ल दोनदा ओरडल्या. पिकअप हातभर मागं घसरली आणि चाक त्याच्या डाव्या मांडीवर आडवं चढलं. तो ओरडला नाही. "जनीन, जरा इकडं ये," म्हणाला, चहाला बोलवावं तसं.

रेडिओवर मदत मागितली. यायला दीड तास लागेल म्हणाले. पाणी तेवढं थांबणार नव्हतं.

मर्लनी ओढलं. पिकअप चार बोटं हलली. त्यांनी हातातल्या रिमोटचं बटण सोडलं आणि मोटरवर तळहात ठेवला, पोराचा ताप बघावा तसा. मग गाणं सुरू केलं. मी क्लिंटनच्या पाठीमागं बसून त्याला टेकू दिला होता. पाणी त्याच्या कमरेला होतं. दुसऱ्यांदा ओढलं, परत चार बोटं, परत गाणं. पाणी छातीला आलं. मगरीचं नाव मी काढलं नाही, त्यानंही काढलं नाही.

"आई, ओढ ना!" तो ओरडला. "तुझा जीव मोटरवर आहे का माझ्यावर?"

त्या गातच राहिल्या.

तिसऱ्यांदा ओढून त्या थांबल्या तेव्हा पाणी त्याच्या गळ्याशी होतं. पोरगा बुडतो आहे आणि ही बाई गाते आहे, हे मला सहन झालं नाही. त्याच्या पाठीशी चिंबोऱ्यांचा आइसबॉक्स सरकवला, वर पळाले आणि रिमोट हिसकावून बटण दाबून धरलं. मोटर घरघरली आणि जळका वास आला. मर्लनी मूठ वळून माझ्या तोंडात मारली. दात तिथंच गेला. रिमोट परत त्यांच्या हातात.

"ही जळली तर दुसरी नाही," त्या म्हणाल्या. "जा, त्याचं डोकं वर धर. ते तुझं काम आहे."

मी जाता जाता त्यांना जे बोलले त्यातलं बरंचसं लिहू नका. "तुम्ही आई नाही आहात" असंही बोलले. तेवढं लिहा.

मी मोटर तापवली होती, म्हणून त्यांनी गाणं पहिल्यापासून म्हटलं. दोनदा नाही, तीनदा. पाणी क्लिंटनच्या कानावर आलं. मी हनुवटी धरून त्याचं नाक वर ठेवलं होतं. लाट आली की तोंड बुडायचं, मग वर यायचं. त्याला गाणं ऐकू येत नव्हतं. मला येत होतं. तिसऱ्या वेळी त्यांचा आवाज फाटला, पण एकही ओळ त्यांनी गाळली नाही. इतकी भीती मला आयुष्यात वाटलेली नाही.

मग त्यांनी ओढलं आणि या वेळी थांबल्या नाहीत. चाक वर आलं. मी त्याला काखेत धरून खेचलं आणि तो निघाला.

आम्ही त्याला जीपमध्ये घातलं. रिमोट मर्लच्या मुठीतून सुटेना. मला त्यांची बोटं एकेक करून उघडावी लागली. दोर चिखलासकट तसाच ड्रमवर गुंडाळला आणि निघालो. असं त्यांना करताना मी कधी पाहिलं नव्हतं. पिकअप तिथंच आहे, कोऱ्या विंचसकट पाण्याखाली.

माझी कोणाविरुद्ध तक्रार आहे का, असं सार्जंटनी विचारलं. तक्रार नाही. त्यांनी मारलं हे खरं आहे, मी मार खाल्ला हेही खरं आहे, आणि त्या ठोशामुळं माझा नवरा आज टेबलावर आहे, खाडीत नाही. दुसरा दात लागला तर तोही घ्या म्हणावं.

मर्ल बाहेर बाकावर बसल्या आहेत आणि मला आत टाका म्हणतात. त्यांना आत टाकू नका. मला आत बोलावलं तेव्हा त्यांनी जीपची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "मीठ वाळायच्या आत दोर धुवायला हवा. आज तू धू."

मी सांगितलं ते सार्जंटनी लिहून मला मोठ्यानं वाचून दाखवलं. मी बोलले तसंच उतरलं आहे, म्हणून खाली सही करते. ठाण्याच्या मागं नळ आहे, तिथं आम्ही दोघी दोर धुवायला जातो. फोन वाजला की खिडकीतून हाक मारा.