लपाछपीची दोरी

बाळाला आजच ऑक्सिजनची नळी लागली होती. त्याला मांडीवर घेऊन त्याची आई दवाखान्याच्या बाकावर शेजारच्या दोघींचं बोलणं ऐकत होती.

“तुमची चिमणी नळी लावूनच खेळते?”

“लपाछपीसुद्धा! तिची ताई यंत्रापासून तिच्यापर्यंत गेलेली लांबलचक नळी दिसली तरी ओलांडून जाते, ‘सापडतच नाही बाई’ म्हणत सगळं घर पालथं घालते.”

“गुणाची हो पोर!”

“पण परवा चिमणीनं नळीच काढली आणि कपाटात लपली. सापडली तेव्हा ओठ निळे.”

“अगं बाई!”

“वर मलाच म्हणते, ‘ताईला एकदा खरंच शोधू दे की!’”

“मग बंद केलात ना खेळ?”

“छे! आता चिमणीला नळी, तर बाकी जो लपेल त्यानं कमरेला दोरी बांधायची. काल तिच्या बाबांना पलंगाखालून ओढून काढलं.”

बाळाच्या आईला राहवेना. “दोरी केवढी घेतलीत हो?”

“चिमणीच्या नळीएवढी. वीतभरही जास्त नाही.”