वेशीबाहेरचा चुडा

माझं माहेर रोह्याकडचं, बाप मणेर, म्हणजे बांगड्या भरणारा, आणि मणेराची पोरगी मणेराच्याच घरात द्यायची असा आमच्यात रिवाज, म्हणून मला पनवेलला दिली. मी एवढीशी, नवरा पण एवढासाच, सासू मात्र मोठी. मोठी म्हणजे अंगाने नाय, जिभेने. आल्या आल्या माझा हात उलटासुलटा करून बघितला आणि बोलली, हात मऊ आहे, कामाचा आहे, पण हमीदा, तोंड मऊ ठेवू नको. तिचं ते एक मी ऐकलं, बाकी फार काही ऐकलं नाय, खोटं कशाला बोलू.

त्या वेळी खाडीच्या कडेने चालत जायचो आम्ही, मिठागरांच्या बांधावरून, सासू पुढे, मी मागे, डोक्यावर बांगड्यांची पेटी. गावं वाटलेली असायची. अमुक गाव अमुक मणेराचं, तिथे दुसऱ्याने जायचं नाय आणि गावाने पण दुसऱ्याकडून भरून घ्यायचं नाय, लग्नाचा चुडा तर नायच नाय. आमच्याकडे करंजाड्याच्या पलीकडची आगरी गावं. त्यातल्या एका गावाचं सांगते तुम्हाला, नाव नका लिहू, मला अजून तिथे जायचं आहे. जायचं म्हणजे काय, ते पुढे कळेल.

त्या गावात हिरामावशी. तिचा चुडा माझ्या सासूने भरला, तिच्या सुनेचा मी भरला. आता बघा, चुडा भरून झाला की नवरी बांगडीवालीच्या पाया पडते, मग ती कोणी का असेना, आणि घरातली मोठी बाई बांगडीवालीला कुंकू लावून तिची ओटी भरते. आमच्यात कुंकू चालत नाय. तर जुन्या बायकांनीच त्याच्यावर तोड काढली होती, कधी काढली अल्लाह जाणे, कुंकू पेटीला लावायचं आणि तांदूळ-नारळ मणेरणीच्या पदरात घालायचा. हे बघा झाकण, अजून लाल आहे. सासू पेटी पुसायची पण झाकण घासायची नाय. त्यांचं आहे ते, राहू दे, बोलायची. आणि दुसरा रिवाज आमचा. मागितल्या तेवढ्या बांगड्या भरून झाल्या की वर एक आपल्याकडून भरायची. ती दुआची. ती भरताना जे मनात येईल ते त्या घरासाठी मागायचं, मोठ्याने मागायचं.

आणि बांगडी काय बळाने चढत नाय, तुम्ही आणा हात इकडे, दाखवते. हे अंगठ्याखालचं हाड आत दाबायचं आणि बाईने हात सैल सोडायचा. बाईच्या मनात काही असलं की हात सैल पडत नाय. सासूशी भांडून आलेली, नवऱ्यावर चिडलेली, मला तोंड बघायला लागत नाय. तुमचा पण कडकच आहे बरं का. भांडून आलात काय कोणाशी? बरं, नका सांगू.

मग काय झालं, सरकारने जमिनी घेतल्या, शेतं गेली, मिठागरं गेली, करंजाड्यात बिल्डिंगी उभ्या राहिल्या, मुंबईची, पुण्याची माणसं राहायला आली. त्या बायकांना पण हौस असते, डोहाळजेवण असलं, श्रावण असला की फोन येतो, चाची, आमच्या सोसायटीत याल का. सोसायटी कसली मोठी, क्लबहाऊस आहे, एसी आहे, मी खाली बसते, त्या खुर्चीत बसतात, एकीचा हात माझ्या हातात आणि बाकीच्यांच्या गप्पा चालू. हात माझ्याकडे अडकलेला असतो ना, तर बाई उठून जाऊ शकत नाय आणि बोलायची थांबत पण नाय.

त्या कायद्याचं टीव्हीवर चाललं होतं तेव्हाची गोष्ट. शेजारच्या देशांतून जे पळून आलेत त्यांना इथलं करून घेणार, फक्त मुसलमान सोडून. एक बँकेतली बाई, चांगली बाई, दर वेळी मला चहा देते, ती बोलली, बरोबरच आहे, तिकडे आपल्या लोकांना छळतात, त्यांनी जायचं कुठे, त्यांना हाच एक देश आहे. ते पण खरंच आहे, ज्याला छळतात त्याने जायचं कुठे. तर डोहाळजेवण जिचं होतं ती पोरगी, पोट हे एवढं, ती बोलली, मग छळलेला बघून घ्या ना, धर्म बघून कशाला घेता, छळलेला मुसलमान नसतो काय? झालं. जुंपली. एक बोलली, एकदा आत घेतले की आपल्याच डोक्यावर बसतील. एक बोलली, वहिनी, तुमचा दीर नाय का लंडनला, तो कोणाच्या डोक्यावर बसलाय? आणि मी खाली, हात दाबतेय. मग कोणाला तरी एकदम माझी आठवण झाली. एसीतसुद्धा सगळ्यांना गरम झालं. बँकेतली बाई बोलली, चाची, तुम्ही मनाला लावून घेऊ नका हां, तुमचं वेगळं आहे, तुम्ही आपल्या आहात. आणि ती पोटुशी पोरगी मला विचारते, चाची, तुम्हाला काय वाटतं? काय सांगू तुम्हाला, त्या वेळी तिचाच हात माझ्या हातात होता, असा ताठ, लाकूड नुसतं. मी बोलले, मला वाटतं की तू हात सैल सोड, नाहीतर बांगडी वाढेल. आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाय, वाढली म्हणतात. हसल्या सगळ्या. मी पण हसले. घरी येऊन रडले बिडले नाय, भाकऱ्या केल्या.

तर हे सोसायटीचं. ती माणसं आज आहेत, उद्या फ्लॅट विकून जातील. गावाचं मला लागलं ते वेगळं.

हिरामावशीच्या गावाच्या मागे पुलाखाली झोपड्या पडल्या होत्या, भंगारवाल्यांच्या. कुठून आले कोणास ठाऊक. कोण म्हणे बंगालचे, कोण म्हणे बांगलादेशचे. गावात दोन-तीन घरांच्या मोटारी चोरीला गेल्या, पाण्याच्या, तर सगळे बोलले, तेच. असतील पण, मी काय बघायला गेले नव्हते. गावाची बैठक बसली आणि रमाकांतने, हिरामावशीच्या मुलाने, तो गावकमिटीचा अध्यक्ष, त्याने ठरवून टाकलं. मी श्रावणात पेटी घेऊन रिक्षाने गेले तर वेशीवर, कमानीच्या बाजूला, ही मोठी लोखंडी पाटी. परधर्मीय फेरीवाल्यांना गावात प्रवेश बंदी, खाली समस्त ग्रामस्थ. मी चौथी शिकलेय, मराठी शाळेत. वाचता येतं याचं त्या दिवशी वाईट वाटलं. रिक्षावाला मला विचारतो, आत घेऊ काय? मी बोलले, वळव.

राग आला. खूप आला. चोर धरायचे तर चोर धरा ना, माझ्या पेटीत काय मोटार मावते? ज्या गावात बायकांनी बाळंतपणाच्या गोष्टी माझ्याजवळ सांगितल्या, त्या गावाला माझा धर्म आता कळला? हिरामावशीचा फोन आला, मी उचलला नाय. रमाकांतच्या बायकोचा आला, तो पण नाय उचलला. माझी सून बोलली, सोडा ना अम्मी, गावं काय कमी आहेत. गावं कमी नाय ग, पण हे माझं होतं.

मग हिरामावशीच्या नातीचं लग्न ठरलं. प्रणाली, रमाकांतची मुलगी. जन्मली तेव्हा हातात काळे मणी मी बांधलेले. आणि रमाकांत स्वतः माझ्या घरी आला, इथे, मोहल्ल्यात, मोठी गाडी गल्लीत शिरेना म्हणून मशिदीजवळ लावून चालत आला. बसला. बोलला, चाची, आई हटून बसलीय, चुडा हमीदाच भरणार, नाहीतर मी हळदीला उभी राहणार नाय. मी बोलले, मग? तो बोलला, मी गाडी पाठवतो, काळ्या काचांची, मागच्या दाराने या, माडीवर बसून भरा, कोणाला कळणार नाय. मी बोलले, चुडा काय चोरून भरतात रे? चुडा भरताना गाणी म्हणतात, शेजारपाजार गोळा होतो, आणि तू मला मागच्या दाराने नेतोस? तो बोलला, पाटी तुमच्यासाठी नाय चाची, तुमचं वेगळं आहे. मी बोलले, मग तसं लिही खाली, हमीदा सोडून.

चहा ठेवला मी. कितीही राग असला तरी घरी आलेल्याला चहा द्यायचा. चहा पिताना त्याने आपणहून मुलाचं काढलं. मुलगा अमेरिकेत, कंपनीत आहे, सख्ख्या बहिणीच्या लग्नाला येत नाय. का, तर आला आणि परत आत घेतलं नाय तर? तिकडे कायदे बदलतात म्हणे रोज, आणि लोक दुकानात तोंडावर बोलतात, तुमच्या देशात परत जा. त्याने काय कोणाचं चोरलंय चाची, रमाकांत बोलला, नुसतं तोंड बघून हाकलायचं, ही काय माणुसकी झाली? डोळ्यात पाणी आलं त्याच्या. मी त्याच्याकडे बघितलं. हा माणूस कुठे बसलाय, कोणाच्या हातचा चहा पितोय, याला कळतंय की नाय? नव्हतं कळत. देवाशपथ सांगते, नव्हतं कळत. माझ्या जिभेवर आलं होतं, सासू असती तर सोडलंच नसतं, पण बापाचं काळीज होतं ते, आणि कप त्याच्या हातात होता. मी एवढंच बोलले, पुढच्या दाराने बोलव, येते. तो बोलला, कमिटीत मला तोंड दाखवायला जागा राहणार नाय. आणि गेला.

मला वाटलं संपलं. दुकानातून बांगड्या आणतील, भरतील.

हळदीच्या दिवशी दुपारी हिरामावशीचा फोन. या वेळी उचलला. बोलली, हमीदा, पेटी घेऊन पाटीजवल ये. मी बोलले, मावशी, बंदी आहे. तर म्हातारी काय बोलली, तुला आत यावाला बंदी हाय ना? आमाला भायेर यावाला कोन अडवतंय?

गेले. जाऊन बघते तर पाटीखाली सतरंजी घातलेली. हिरामावशी, नवरी, गावातल्या बायका, पोरी, आणि लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण, सगळ्या वेशीच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला. बाजूने न्हावा शेव्याचे कंटेनर जातायत, धूळ उडतेय, आणि धवलारणीने असा सूर लावला की एक ड्रायव्हर गाडी हळू करून बघायला लागला. रमाकांत कमानीच्या आत उभा, हाताची घडी घालून. त्याची बायको त्याच्यासमोरून गेली आणि माझ्या बाजूला येऊन बसली. ती नवऱ्याला उलट बोलणारी बाई नाय. पण बसली.

प्रणालीचा हात घेतला तर ताठ. रडत होती पोरगी. चाची, मला लाज वाटते, बोलली. मी बोलले, तू कशाला लाजतेस ग, पाटी तू लावलीस काय? सोड हात. सोडला. हिरव्या बांगड्या एकेक चढल्या, एक वाढली नाय. तेवढ्यात तिच्या भावाचा फोन आला, व्हिडिओवाला. तिकडे रात्र होती, तो बहिणीचा चुडा बघायला जागा राहिलेला. एका पोरीने मोबाईल धरला. तो बोलला, आजी, तुम्ही सगळ्या रस्त्यावर का बसल्यात? मग बोलला, वर पाटी कसली आहे, दाखव ना. पोरीने मोबाईल वर केला. त्याने वाचली असेल. मग हळू बोलला, बाबा कुठे आहेत? पोरीने मोबाईल कमानीकडे फिरवला. दोघं एकमेकांकडे बघत राहिले, बाप आणि मुलगा. रमाकांतने मान खाली घातली.

मी माझं काम करत होते. वरची बांगडी राहिली होती, दुआची. आता चुडा प्रणालीचा, दुआ प्रणालीसाठी मागायची. पण माझ्या तोंडातून निघालं ते वेगळंच. मी मोठ्याने बोलले, या अल्लाह, या मुलीच्या भावाला तिथून कोणी हाकलू नये, त्याला जाता यावं, येता यावं. रमाकांतला टोमणा मारला असं बायका नंतर बोलल्या. टोमणा नव्हता. राग होता माझ्या पोटात, नाय म्हणत नाय, पण दुआ खरी केली. बांगडी हातात असताना खोटं मागता येत नाय.

प्रणाली पाया पडली, हिरामावशीने पेटीला कुंकू लावलं, नारळ पदरात घातला, सगळ्या कमान ओलांडून आत गेल्या, हळदीचा बेंजो वाजायला लागला. मी रस्त्यावर रिक्षा थांबवली. रमाकांत आला. पेटी उचलून रिक्षात ठेवली. पेटी जड असते.

पाटी आहे अजून. कमिटीत दोनदा वाद झाला म्हणे, तो काढू म्हणतो, बाकीचे नको म्हणतात, एकदा लावलेली पाटी काढणं लावण्याएवढं सोपं नसतं. आता श्रावणात, संक्रांतीला मी जाते, पाटीखाली बसते, बायका बाहेर येतात, भरून घेतात, आत जातात. सून म्हणते, अम्मी, कशाला हा अपमान करून घेता? अपमान आहेच ग, तो मी कुठे नाय म्हणते. पण माझं गाव आहे ते. प्रणालीच्या भावाचा पण फोन येतो मधून मधून, चाची, अजून टिकून आहे मी इकडे. मी म्हणते, टीक बेटा, मी पण टिकून आहे.