दारापुढचा सडा

रोबिया : उजाडलं, आणि अख्ख्या गल्लीत आपलंच दार तेवढं कोरडं! नळी कुठंय, सूनबाई?

ओयदिन : गुंडाळून ठेवलीय. अहो आई, मी स्वच्छ झाडून काढलंय.

रोबिया : नुसतं झाडून? आज तुझ्या नणंदेला, मुनिसला बघायला नमंगानहून मुलाकडच्या बायका यायच्यात. त्या आधी दार बघतात, मग मुलगी. धूळ उडाली की म्हणतील, या घरातल्या बायका उन्हं डोक्यावर येईस्तोवर लोळतात.

ओयदिन : परवा मोहल्ला समितीत तुम्हीही हात वर केलात ना? रस्ता कुणी शिंपायचा नाही, अंगण हवं तर आठवड्यातून दोनदा, तेही बादलीनं.

रोबिया : सगळ्यांनी केला म्हणून केला. माझीच सून बोलत होती, मी काय हात खाली ठेवून बसू?

ओयदिन : घरोघरी फिरले मी. चहा पिऊन पिऊन पोट फुगलं. प्रत्येकीनं म्हटलं, बरोबर आहे तुझं, खालच्या गल्लीत पाणी पोचत नाही.

रोबिया : आणि आज? जरा वाकून बघ. खालबिबीचं दार ओलं. उमीदाचं तर वळणापर्यंत ओलं.

ओयदिन : बघितलं. विचारलंसुद्धा. उमीदा म्हणते, खालबिबीनं शिंपलं म्हणून. खालबिबी म्हणते, उमीदानं शिंपलं म्हणून.

रोबिया : मग? मला तरी कुठं हौस आहे? तीस वर्षं मीच शिंपत होते. थंडीत बोटं निळी पडायची, आणि सासू खिडकीतून बघायची, किती लांबवर ओलं केलंय ते.

ओयदिन : मग तुम्हीच म्हणा ना एकदा, आमच्या घरात आता हे नाही.

रोबिया : मुनिसचं ठरू दे. मग म्हणते.

ओयदिन : तोवर उमीदाच्या मुलीला बघायला कुणीतरी येईल.

रोबिया : तोंड फार चालतं तुझं! तुझा नवरा तिकडं रशियात, कझानला कामाला. इथं लोकांचं ऐकायला मी आहे. म्हणतील, पाणी वाचवायचं नुसतं निमित्त, खरा आळस.

ओयदिन : म्हणू देत. खालच्या गल्लीत माझी आई राहते हो. इथल्या नळ्या सुरू झाल्या की तिच्या नळातून नुसती हवा येते. रोज सकाळी मी माझ्या हातानं तिचं पाणी रस्त्यावर ओतते. मला नाही सहन होत आता.

रोबिया : ...विहीणबाई कधी बोलल्या नाहीत.

ओयदिन : ती नाहीच बोलणार.

(फाटकाची कडी वाजते. दोन रिकामे कॅन घेऊन हलीमा, ओयदिनची आई.)

हलीमा : सलाम, विहीणबाई. माफ करा, पाहुण्यांच्या दिवशीच आले. हे दोन कॅन भरले की निघाले. तीन दिवस झाले, नळातून चहापुरतंही पाणी निघत नाहीये.

रोबिया : माफी कसली? आत या. सूनबाई, घे कॅन त्यांच्या हातातून.

हलीमा : हे काय गं? दार अजून कोरडंच?

ओयदिन : मी शिंपणार नाहीये, आई. तुला प्यायला पाणी नाही आणि मी इथं रस्ता भिजवू?

हलीमा : आजच सुचलं तुला हे?

रोबिया : राहू द्या, विहीणबाई. खरं आहे तिचं. नाही शिंपलं एक दिवस तर...

हलीमा : तर काय? त्या बायका काही पाण्याचा हिशेब विचारणार नाहीत. मुनिसचं मोडलं तर जन्मभर माझ्या लेकीच्या माथी येईल. वर म्हणतील, आईनंच काही वळण लावलं नाही. नळी काढ, ओयदिन.

ओयदिन : धार आत्ताच बारीक झालीय गं. सडा मारला तर तुझे कॅन भरणार नाहीत.

हलीमा : मग एकच भरू. आण इकडं नळी, मी शिंपते. तू आत जाऊन चांगला पोशाख घाल.